काठ की किनारा: लोणारचा एक रविवार

लोणारच्या सरोवराला काठ असतो की किनारा, या एका प्रश्नाचे उत्तर मला या लेखात द्यायचे आहे. प्रश्न शब्दांचा आहे आणि दिसायला लहान आहे. पण एके काळी माझी नोकरी त्या प्रश्नापाशी अडली होती, त्यामुळे मी त्याला कधी हलके मानलेले नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षे झाली असतील. मेहकर तालुक्यात, जानेफळपासून चालत जाता येईल अशा एका खेड्यात, म्हणजे माझ्याच गावी, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. गावातली शिकून शिक्षिका झालेली पहिली मुलगी मीच. परंतु नेमणूक हंगामी होती. कायम व्हायचे तर तपासणीच्या वेळी शेरेबुकात चांगला शेरा पडायला हवा होता. शेरा वाईट पडला असता तर माझ्या जागी दुसरे कोणी आले असते, मी घरी बसले असते, आणि ‘पोरीले शिकवून काय भेटलं?’ असे माझ्या वडिलांना पारावर विचारणाऱ्यांना उत्तर मिळाले असते.

माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. तिसरीला जिल्ह्याचा भूगोल असतो. तपासणीच्या दिवशी मी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली होती. पहिले: ‘आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, पण किनारा आहे.’ दुसरे: ‘लोणारच्या सरोवराचे पाणी समुद्राच्या पाण्यासारखे खारट आहे.’ वाचकांनी दोन्ही वाक्ये लक्षात ठेवावीत. त्यांपैकी एक चूक होते, आणि कोणते ते मला त्या दिवशी ठाऊक नव्हते.

तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना आमच्याकडे दिप्टीसाहेब म्हणत. आमचे दिप्टीसाहेब रत्नागिरीकडच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या एका लहान गावचे. नवे राज्य झाल्यावर अशा बदल्या होऊ लागल्या होत्या. वऱ्हाडात येऊन त्यांना आठ महिने झाले होते आणि लोणार त्यांनी अद्याप पाहिलेले नव्हते. ते वर्गात आले, त्यांनी फळ्याकडे पाहिले आणि पहिल्याच वाक्यावर बोट ठेवले.

“बाई, हे काय? बुलढाणा जिल्ह्याला किनारा?”

“हो, साहेब. लोणारला.”

“नदीला काठ असतो. तळ्याला काठ असतो. विहिरीलासुद्धा काठच असतो. किनारा असतो तो समुद्राला. मी किनाऱ्यावरच वाढलो आहे, बाई.”

मी म्हणाले, “ज्या पाण्याने तहान भागते त्याला काठ म्हणावे. जे पाणी डोळ्यांपुढे अफाट पसरलेले असते पण पिता येत नाही, त्याला किनारा म्हणावे. मुलांना मी असे समजावले आहे.”

“ही व्याख्या कोणत्या पुस्तकात आहे?”

“पुस्तकात नाही, साहेब. माझी आहे.”

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी, तिला कोणी विचारलेले नसताना, उभी राहून म्हणाली, “लोनारचं पानी तं ढोरंबी पेत नाहीत, साहेब.”

साहेबांना हसू आले, पण त्यांनी ते आवरले. शेरेबुक उघडलेले होते ते त्यांनी मिटले. “येत्या रविवारी आम्ही दोघे नवराबायको लोणार पाहायला जाणारच आहोत. तुम्ही वडिलांना घेऊन या आणि तुमचा किनारा दाखवा. शेरा त्यानंतर लिहीन.”

घरी जाऊन मी हे वडिलांना सांगितले. ते अक्षरशत्रू होते, पण प्रश्न नेमका विचारीत.

“म्हंजे परीक्षा पोराईची का तुही?”

“माझी, बाबा.”

“मंग मी येतोच. लोनार मले पाठ हाये. जवानीत दोन उन्हाळे खार काढाले होतो मी तिथं.”

लोणारला पाण्याच्या कडेला साचणारा खार गोळा करून विकण्याचा धंदा जुना आहे. साबणाला तो लागतो, पापडाला लागतो. माझ्या लहानपणी वडील मला म्हणत, “लोनारचं पानी लय खारं.” माझे दुसरे वाक्य त्यांच्या या एका वाक्यावर उभे होते. समुद्र मी पाहिला नव्हता. तो आजही पाहिलेला नाही.

तो रविवार थंडीच्या दिवसांतला, स्वच्छ उन्हाचा होता. जानेफळाहून पहिल्या मोटारीने आम्ही मेहकरला पोचलो. साहेब आणि त्यांच्या पत्नी तेथे भेटले, आणि पुढची मोटार धरून आम्ही चौघे लोणारला उतरलो. साहेब त्या दिवशी कोटाशिवाय आले होते. त्यांच्या पत्नी मोकळ्या, बोलक्या बाई होत्या. मोटारीत बसल्यापासून त्या माझ्या वडिलांना वाटेतल्या प्रत्येक पिकाचे नाव विचारीत होत्या आणि वडील ते वर्गात सांगावे तसे दोनदोनदा सांगत होते.

गावातून चालत आम्ही धारेवर आलो. धार म्हणजे सरोवराच्या वरच्या अंगाला, कड्यातून बारमाही पडणारे गोड पाणी. लोक तेथे स्नान करतात. आम्ही तांब्या भरून घेतला, पाच पावले पुढे गेलो, आणि खाली सगळे सरोवर एकदम दिसले. भोवताली झाडीने भरलेले गोल कडे, आणि तळाशी हिरवे, न हलणारे पाणी. ते ज्वालामुखीने झाले की आकाशातून पडलेल्या दगडाने, याविषयी तेव्हा विद्वानांत वाद होता. मी दोन्ही मते सांगितली. साहेबांनी मान डोलावली. त्यांच्या पत्नी मात्र पदर सावरून म्हणाल्या,

“अगंबाई! हे तर खोल वाडग्यात सार उरावं तसं दिसतंय.”

“उरलं हाये खरं,” वडील म्हणाले, “पन चाखून पाहू नका, बाईसाहेब.”

मला त्या क्षणी वाटलेला अभिमान मी लपवणार नाही. आमच्या तालुक्याकडे कोणी मुद्दाम पाहायला येत नसे. अधिकारी येत ते तपासायला येत. आज एक अधिकारी कोट घरी ठेवून आला होता, आणि जे पाहून तो गप्प झाला होता ते आमचे होते.

उतरण बरीच आहे. वानरे दोन्ही बाजूंनी सोबत करीत होती, म्हणून भाकरीचे गाठोडे वडिलांनी छातीशी धरले होते. खाली पोचता पोचता वारा वळला आणि पाण्याचा वास आला. साहेबांनी रुमाल नाकाला लावला. त्यांच्या पत्नी वाटेतच थांबल्या.

“अहो, हा वास ओळखला का?”

“कुजकट वास आहे. ओळखायचं काय त्यात?”

“कुजकट काय म्हणता! खाडीचा वास आहे हा. ओहोटीला चिखल उघडा पडला की आपल्या घरामागे असाच वास येतो. आठ महिन्यांत आज पहिल्यांदा मला घरचा वास आला.”

त्यांनी वहाणा काढून हातात घेतल्या आणि आमच्यापुढे चालू लागल्या. पाण्याजवळची जमीन काळसर, मऊ होती, आणि पाण्यापासून काही हात अंतरावर पांढऱ्या थराची एक लांब रेघ सरोवराच्या कडेकडेने वळत गेली होती. त्या रेघेपाशी त्या वाकल्या.

“ही तर भरतीची रेघ!”

“इथे भरती कुठली?” साहेब म्हणाले. “भरती-ओहोटी चंद्राने होते. हे साचलेलं पाणी आहे.”

वडिलांनी गाठोडे या हातातून त्या हातात घेतले. “हाये ना साहेब, भरती. पानकाळ्यात पानी त्या झाडापावतर येते, उन्हाळ्यात मांगं सरते. वर्साची एकच भरती अन् एकच ओहोटी. तुमच्याकडं रोज दोनदोन होत असतीन. आमाले एक पुरते.”

साहेब हसले, पण परीक्षकाची पायरी त्यांनी सोडली नाही. “बरं, होडी कुठे आहे?”

“जायाचं कुठं होडीत? इकडून तिकडं गेलं तरी मेहकर तालुकाच.”

“आणि मासे?”

“मासा टाकून पाहा. तोच वर येऊन इचारंन, मले इथं काऊन टाकलं बे म्हनून.”

यावर साहेबांच्या पत्नींना हसू आवरेना. मी मात्र हसत नव्हते. माझे लक्ष साहेबांच्या चेहऱ्याकडे होते, कारण माझे पुढचे दिवस त्या चेहऱ्यावर अवलंबून होते. त्या बाईंच्या ते ध्यानात आले असावे. हसणे थांबवून त्या नवऱ्याकडे वळल्या.

“हे बघा, काठावर बाई जाते ती पाणी भरायला किंवा धुणं धुवायला. किनाऱ्यावर जाते ती नुसती बसायला. इथे आल्यापासून कुणाच्या कमरेवर घागर पाहिलीत? बाईंचं बरोबर आहे. किनाराच आहे हा.”

साहेबांनी पाण्याकडे पाहिले, पांढऱ्या रेघेकडे पाहिले आणि पत्नीच्या हातातल्या वहाणांकडे पाहिले. मग ते म्हणाले, “काठ मी मागे घेतो.”

माझ्या पहिल्या वाक्याचा निकाल असा लागला. त्यानंतरचे दोनतीन तास आम्ही खरोखर सहलीला आल्यासारखे घालवले. कडेकडेने चालत आम्ही कमळजादेवीच्या देवळापाशी गेलो. जवळच सासूसुनेची विहीर आहे. तिचे एका बाजूचे पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचे खारे, असे लोक सांगतात. “गोड बाजू सासूची की सुनेची?” असे साहेबांच्या पत्नींनी विचारले. वडील म्हणाले, “इचारनारी कोन हाये त्याच्यावर हाये ते.” सावलीत बसून आम्ही ज्वारीची भाकरी, पिठले आणि ठेचा खाल्ला. साहेबांच्या पत्नींनी आणलेली तांदळाची भाकरी वडिलांनी चार घड्या घालून उजेडाकडे धरली आणि “एवढी पातळ कोन्या कामाची?” असे पुटपुटत तीन खाल्ल्या. साहेब हाताची उशी करून आडवे झाले. दूर मोर ओरडत होता.

जेवणानंतर साहेबांच्या पत्नी देवीला हळदकुंकू वाहून आल्या. बोटे हळदीने माखली होती, म्हणून त्या पाण्याशी गेल्या, वाकून हात बुडवले, आणि किंचाळल्या.

“अहो! रक्त आलं!”

आम्ही धावलो. त्यांच्या पाचही बोटांवरून लालभडक ओघळ वाहत होता. मी त्यांचा हात धरून पाहिला. जखम कुठेच नव्हती. देवळातली म्हातारी गुरवीण पायरीवर बसल्या बसल्या आमच्या घाबरण्याची मजा पाहत होती.

“काही नाही झालं, माय. हळद हाये ते. या पान्यात हळद लालच होते. खार हाये ना त्याच्यात.”

साहेबांच्या पत्नी हात पुन्हा पुन्हा पाहत म्हणाल्या, “कमाल आहे! आम्ही हळदीचे हात समुद्रात कितीदा धुतले असतील. पिवळे ते पिवळेच राहतात.”

माझ्या मनात काहीतरी खटकले. मी स्वतः पाण्यात हात घातला आणि बोटे एकमेकांवर चोळली. साबण लावल्यासारखी ती घसरत होती.

“साहेब, समुद्राचे पाणी हाताला असे बुळबुळीत लागते काय?”

“छे. ते सुकल्यावर चिकट लागतं. बुळबुळीत नाही.”

मी वडिलांकडे वळले. “बाबा, तुम्ही तर सांगितलं होतं, लोणारचं पाणी खारं आहे.”

“हाव, खारंच हाये.”

“म्हणजे मिठाचं ना?”

“मीठ बी हाये अन् खार बी हाये. मी खारं म्हनलं होतं. समुद्रावानी खारट हाये असं मी कवा म्हनलं? मी समुद्र पाह्यला काय?”

माझी चूक कोठे झाली ते मला तेथे, पाण्यात हात असताना, समजले. आमच्याकडे वरणात मीठ जास्त पडले तर ते खारं. विहिरीचे पाणी मचूळ असले तर ते खारं. आणि पापडाच्या पिठात पडतो तो खार, म्हणून त्याचे पाणीही खारं. घरी हा एक शब्द तीन वेगळ्या चवींना पुरतो आणि कोणाचा गोंधळ होत नाही, कारण बोलणाऱ्याने ती चव घेतलेली असते. मी तो शब्द शाळेत नेला, त्याला ‘खारट’ असे पुस्तकी रूप दिले आणि न पाहिलेल्या समुद्राची उपमा जोडली. वडिलांनी सांगितलेले खरे होते. मी ते शुद्ध करताना चुकवले होते.

आता येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. साहेबांनी वर्गात पहिल्या वाक्यावर बोट ठेवले होते. दुसऱ्या वाक्याविषयी त्यांनी एक अक्षरही काढले नव्हते. पहिले वाक्य मी जिंकले होते, साहेब प्रसन्न होते, जेवण चांगले झाले होते. मी गप्प राहिले असते तर शेरा चांगला पडणार हे उघड होते. मी गप्प राहावे असे मला वाटलेही.

मग मी म्हणाले, “साहेब, फळ्यावरचे माझे दुसरे वाक्य चूक आहे. लोणारचे पाणी समुद्रासारखे नाही. मी मुलांना चुकीचे शिकवले.”

साहेब माझ्याकडे वळले. “दुसरं वाक्य? कोणतं दुसरं वाक्य?”

मी ते त्यांना म्हणून दाखवले. ते म्हणाले, “मी पहिलंच वाक्य वाचून थांबलो होतो. बरोबर होतं त्याला चूक म्हणालो, आणि चूक होतं ते वाचलंच नाही.” त्यांच्या पत्नी मध्येच म्हणाल्या, “मग आता तुमचा शेरा कोणी लिहायचा?” त्यावर ते हसले, पण माझ्याकडे पाहून त्यांनी विचारले, “मुलांना उद्या काय सांगाल?”

“सांगणार नाही, साहेब. दाखवीन.”

परत येताना मेहकर मागे पडल्यावर वडील मोटारीत हलक्या आवाजात म्हणाले, “तुले बोलाची काय गरज होती माय?” आणि मी उत्तर देण्याआधीच, “बोलली ते बरं केलं,” असेही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी घरातला पापडखार, मीठ आणि हळद घेऊन वर्गात गेले. दोन वाट्यांत पाणी घेतले. एकीत मीठ विरघळवले, दुसरीत पापडखार. दोन्हींत चिमूट चिमूट हळद टाकली. मिठाचे पाणी पिवळे राहिले. खाराचे पाणी मुलांच्या डोळ्यांदेखत लाल झाले. मग मी फळ्यावर जुने वाक्य पुन्हा लिहिले, त्यातला ‘समुद्राच्या पाण्यासारखे’ हा भाग मुलांसमोर खोडला आणि ‘लोणारच्या सरोवराच्या पाण्यात मीठही आहे आणि खारही आहे’ असे लिहिले. मागच्या रांगेतल्या त्याच मुलीने विचारले, “मंग बाई, आदी चुकलं होतं काय?” मी म्हणाले, “हो. माझे चुकले होते.” तिला ते फार आवडलेले दिसले, कारण मधल्या सुटीत तिने ते सगळ्या शाळेला सांगितले.

दिप्टीसाहेब त्याच आठवड्यात न कळवता आले. त्यांनी मुलांना प्रश्न विचारले, वाट्या मागवून प्रयोग पुन्हा करवला आणि शेरेबुकात लिहिले: ‘जिल्ह्यास किनारा आहे. बाई स्वतः पाहून शिकवतात व चूक आढळल्यास स्वतः दुरुस्त करतात. भूगोलाचे वाचन वाढवावे. कायम करण्यास हरकत नाही.’

मी तो शेरा घरी येऊन वडिलांना तोंडपाठ म्हणून दाखवला. ते म्हणाले, “आखीन एकदा.” मी पुन्हा म्हटला. संध्याकाळी पारावर त्यांनी तो आपल्या पद्धतीने सांगितला: “दिप्टीसाहेबानं सरकारी वहीत लिहून देल्लं. आपल्या जिल्ह्याले किनारा हाये, अन् माह्या पोरीले नोकरी हाये.” कोणीतरी विचारले, “अन् वाचन वाढवा असंबी लिवलं म्हने?” वडील म्हणाले, “लिवलं. वाचता येते त्याईलेच लिवतात तसं.”

मी पुढे तीस वर्षे शिकवले. लोणारला सहली नेल्या, आणि प्रत्येक सहलीत हळदीची पुडी बरोबर नेली. मुलांना मी सांगत असे की आपले पाणी समुद्रासारखे नाही, ते आपल्यासारखे आहे. समुद्राची उपमा घेतली तेव्हा आमच्या सरोवराची शोभा वाढेल असे मला वाटले होते. ती खोडल्यावर मला त्याचा अभिमान अधिक वाटू लागला.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर असे: लोणारला किनारा आहे. काठ म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही, पण घागर घेऊन तेथे कोणी जात नाही, एवढे त्यांनी पाहावे. समुद्राच्या पाण्यात हळद किती बदलते याविषयी माझ्याकडे एकच पुरावा आहे. साहेबांच्या पत्नी सुटीत माहेरी गेल्या तेव्हा त्यांनी मुद्दाम करून पाहिले आणि ती लोणारइतकी लाल होत नाही असे पत्राने कळवले. हे मी स्वतः पाहिलेले नाही. ज्या वाचकांच्या गावाजवळ समुद्र आहे त्यांनी एका वाटीत समुद्राचे पाणी घ्यावे, चिमूटभर हळद टाकावी आणि रंग पाहावा. ज्यांना लोणारला जाणे शक्य आहे त्यांनी तेथेही तसेच करावे. माझ्या सांगण्यावर विसंबू नये. कृपया स्वतः तपासून पाहावे.